दिरांचे अखंड मंगळवार

आमचे धाकटे दीर जिनपाल हे घरातलं एकमेव शिस्तीचं माणूस आहे, असं त्यांचं स्वतःचं मत आहे. आक्कांचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचंही तेच मत. उरलो मी आणि आमचे हे. हे सकाळी नऊला हळदीच्या दुकानावर निघून जातात आणि मला जे वाटतं ते मी वहीत लिहिते. त्यामुळे घरात एकमत आहे.

भाऊजींचं वय त्रेचाळीस. लग्न ठरतंय. गेली सोळा वर्षं ठरतंय. त्यांचा बायोडाटा माझ्या अक्षरात असतो, कारण मोठ्या वहिनीच्या हातचा बायोडाटा बघितला की घर गुण्यागोविंदानं नांदतंय असं मुलीकडच्यांना वाटतं. शिक्षण, उंची, नोकरी झाली की शेवटी एक ओळ येते. ती ते स्वतः तोंडी सांगतात आणि मी लिहून होईपर्यंत शेजारी उभे राहतात : ‘निर्व्यसनी, धार्मिक. बारा वर्षे अखंड रसत्याग.’

रसत्याग म्हणजे वाराप्रमाणे जेवणातली एकेक गोष्ट सोडायची. रविवारी मीठ, सोमवारी हिरवी भाजी, मंगळवारी गोड, बुधवारी तूप, गुरुवारी दूध, शुक्रवारी दही आणि शनिवारी तेल. सकाळी देवदर्शनाला गेलं की भगवंतासमोर नियम घ्यायचा आणि दिवसभर पाळायचा. सगळे वार पाळणारी माणसं थोडीच. बारा वर्षांत एकही न चुकवलेलं तर आमच्या घरातच. आक्का मंदिराच्या पायरीवर बसून ही गोष्ट रोज एकीला तरी सांगतात. ज्यांना दोनदा सांगून झाली आहे त्या हल्ली मागच्या दारानं दर्शनाला येतात.

मी स्वतः फक्त दोन वार पाळते. पण चातुर्मासात माझा एक वेगळा नियम असतो. घरात रोज कुणी काय सोडलं ते वहीत उतरवायचं. त्याबरोबर दूध किती आलं, पाणी कधी गेलं, कुणाचा फोन आला हेही लिहिलं जातं. खोटं लिहायचं नाही एवढीच अट. भाऊजींना ही वही डोळ्यांसमोर नको असते.

“वहिनी, लिहून ठेवणं म्हणजे चोराला घरचा पत्ता देणं,” असं ते सांगतात. “आमच्या ऑफिसात काही लिहायला बंदी आहे. सगळं इथं.” असं म्हणून कपाळावर बोट ठेवतात.

त्यांचं ऑफिस साताऱ्यात आणि ते सांगलीत, आमच्या नव्या खोलीत. नवी खोली माझ्या लग्नाच्या वर्षी बांधली, म्हणजे तिला एकतीस वर्षं झाली. तरी ती नवीच. तिच्यात भाऊजी, त्यांचे दोन संगणक आणि हळकुंडांची पोती राहतात. बाकीचं सगळं घर उठतं-बसतं ते जुन्या स्वयंपाकघरात. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढं कामाला येणार आहे.

कंपनीचे मालक पृथ्वीराजसाहेब. मूळचे खंडाळ्याकडचे, सैन्यात सिग्नलमध्ये सुभेदार होते. दोन्ही जिल्ह्यांतल्या बेचाळीस दवाखान्यांचे एक्स-रे, स्कॅन आणि रिपोर्ट त्यांची कंपनी सांभाळते. हे सगळं कुलूप लावून क्लाउडवर ठेवलेलं असतं, म्हणजे इंटरनेटवरच्या भाड्याच्या जागेत. आणि त्या कुलपांच्या किल्ल्या एका खास पेटीत असतात. पेटीचं नाव एचएसएम. भाऊजींनी मला ती एकदा समजावून सांगितली होती. या पेटीतून किल्ली कधीही बाहेर येत नाही. कुलूपच आत पाठवायचं, पेटी ते उघडून परत देते. “किल्ली जरा दाखव” म्हटलं तर मालकालाही दाखवत नाही. एकसारख्या दोन-तीन पेट्या जोडीनं ठेवल्या की त्याला क्लस्टर म्हणायचं. पेटीची नक्कल काढतात, तो बॅकअप. तोही कुणाला वाचता येत नाही. दुसऱ्या तशाच पेटीत ओतला तरच जिवंत होतो.

“आणि पेटीचा पासवर्ड विसरला तर?” मी विचारलं होतं.

“मग देव जरी आला तरी उघडणार नाही. पेटी देणारी कंपनीसुद्धा नाही उघडू शकत.”

“म्हणजे विसरला तर संपलं?”

“वहिनी, शिस्तीच्या माणसाला असले प्रश्न पडत नाहीत.”

भाऊजींकडे असे दोन क्लस्टर होते. त्यांची नावं त्यांनीच ठेवली होती : ‘जुना’ आणि ‘नवा’. जुन्यात सगळ्या किल्ल्या होत्या. त्या नव्यात न्यायच्या असं श्रावणात ठरलं. मग पर्युषण आलं. मग मुलगी बघायला निपाणीला जायचं झालं. किल्ल्या जुन्यातच राहिल्या आणि नवा रिकामाच, आमच्या नव्या खोलीसारखा. त्यात हळकुंडंसुद्धा नव्हती.

दिवाळीच्या आधीचा शनिवार. मी माळ्यावरचे डबे उन्हात काढले होते. आक्का पाटावर बसून फर्मान सोडत होत्या, “जुनं काढल्याबिगर सण येत न्हाई. काढ सगळं.” भाऊजी चहाचा कप ठेवायला आले आणि म्हणाले, “आक्का, मीपण आज ऑफिसचं जुनं काढतो.”

“काढ बाबा,” आक्का म्हणाल्या. “माझं लेकरू गुणाचं.”

साडेनऊला लेकरानं ‘जुना’ काढून टाकला. यंत्रानं विचारलं, ‘याचे बॅकअपही काढून टाकू का?’ भाऊजी काही अर्धवट काम करणारे नव्हेत. त्यांनी हो म्हटलं.

दहाला पहिला फोन आला, सव्वादहापर्यंत अकरा. बेचाळीस दवाखान्यांत एकही जुना रिपोर्ट उघडत नव्हता. भाऊजी नव्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. चेहरा मीठ सोडलेल्या आमटीसारखा.

“वहिनी, मला वाटलं आपण नव्यात राहायला गेलोय.”

“भाऊजी,” मी म्हटलं, “या घरात राहून तुम्हाला असं वाटलंच कसं?”

पृथ्वीराजसाहेबांचा फोन भाऊजींनी स्पीकरवर टाकला, कारण दोन्ही हात कीबोर्डवर होते.

“आरं गड्या, तू काय केलंस रं हे? पलटणीत असतास तर तुला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या.”

“साहेब, साफसफाई करत होतो.”

“साफ तर लय केलंस! आता ऐक. श्रावणात मी तुला एक नक्कल हैदराबादच्या केंद्रात टाकायला लावली होती. एक नग मागं ठेवायचा, ही आमची रीत. ती तरी हाय का तीबी झाडलीस?”

होती. तीस जुलैची, बुधवारची. भाऊजींच्या यादीत ती दुसऱ्या पानावर होती, म्हणून केरसुणी पोचली नव्हती. किल्ल्या दोन वर्षांपूर्वीच्याच असल्यामुळे जुलैची नक्कल चालणार होती. पेटी पुन्हा उभी करायला तीन तास लागले. मी मधे देवापुढं बसून णमोकाराची एक माळ केली. बेचाळीस दवाखान्यांसाठी एक माळ म्हणजे जरा काटकसरच झाली, पण गॅसवर डाळ होती.

दीडला नवी खोली भाऊजींच्या टाळ्यांनी दणाणली. पेटी उभी राहिली होती. आक्कांनी लगेच बसल्या जागी निकाल दिला, “नेमाचं फळ. तेल सोडलंय आज त्यानं.”

मग भाऊजींनी पासवर्ड टाकला. पेटीनं नाही म्हटलं. पुन्हा टाकला. पुन्हा नाही.

दहा मिनिटांनी त्यांच्या ध्यानात आलं ते असं. पेटी बॅकअपमधून उठवली की ती बॅकअपच्या दिवसात उठते. ही तीस जुलैला झोपली होती, म्हणून हिला तीस जुलैचीच माणसं ओळखू येत होती आणि त्या दिवशीचाच पासवर्ड. भाऊजी तर दर महिन्याला पासवर्ड बदलतात. शिस्त. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर असे तीन पासवर्ड त्यांना तोंडपाठ होते, आणि तिन्हींचा पेटीला काही उपयोग नव्हता.

“जुलैचा आठव,” फोनवरून साहेब म्हणाले. “न्हाईतर किल्ल्या आत आन् आपुन भायेर. जल्मभर.”

तेवढ्यात दारात अंबूबाई. आमच्या मागच्या आळीतल्या, माहेर शिराळ्याचं. सोमवारी साताऱ्याच्या दवाखान्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी.

“आवं वहिनी, डाक्टरचा फोन आला. माझ्या गुडघ्याचं पैलं फोटू उघडंनात म्हणत्यात. न्हाई उघडलं तर सोमवारचं रद्द, पुन्यांदा सगळं काढायचं. तीन महिनं मी हिकडं वळवळायलीय. जिनपाल, तुज्याच कंपनीत हाय न्हवं ते?”

भाऊजींनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. अंबूबाई आमच्या बाकावर बसल्या आणि पाय लांब करून गुडघा धरला. “बसते. उघडलं की सांग,” म्हणाल्या. जणू कुणी डबा उघडणार होतं. पण तो गुडघा समोर बघितल्यावर माझीही थट्टा जरा आत गेली.

“पासवर्ड कसा ठेवतोस तेवढं सांग,” साहेब म्हणाले. “कायतरी ठरीव रीत असंल.”

भाऊजी आक्कांकडे बघत, खालच्या आवाजात म्हणाले, “त्या दिवशी जो त्याग असेल तो शब्द. पुढं तारीख.”



“म्हंजे वाराचा पासवर्ड?” साहेब ओरडले. “आरं, तुझ्या आक्का मंदिराच्या पायरीवर बसून तुझं वार सगळ्या सांगलीला सांगत्यात! मी हितं साताऱ्यात लाख भानगडी करून पेटी घेतली, आन् किल्लीची दवंडी तुझी आई पिटतीय व्हय?”

“काय म्हणतोय तो?” आक्कांनी विचारलं.

“तुमचं कौतुक चाललंय आक्का,” मी म्हटलं.

ऑफिसच्या नोंदीत एवढंच होतं की जुलैचा पासवर्ड एकोणतीस तारखेला बदलला. एकोणतीसला मंगळवार. मंगळवारी गोड. भाऊजींनी इंग्रजी अक्षरांत ‘गोड’ लिहून पुढं दोन-नऊ-शून्य-सात टाकलं. नाही. ‘गूळ’. नाही. ‘साखर’. नाही. ‘मिठाई’. नाही. वार चुकला असेल म्हणून बुधवारचं ‘तूप’ टाकून बघितलं. तेही नाही. प्रत्येक नकाराला अंबूबाई “आगं आई” म्हणत होत्या. ते गुडघ्यामुळं की पेटीमुळं, कुणास ठाऊक.

“भाऊजी,” मी म्हटलं, “त्या दिवशी तुम्ही गोडच सोडलं होतं, हे नक्की?”

“म्हणजे काय वहिनी? मंगळवार होता. बारा वर्षांत मंगळवारी माझ्या जिभेला गोड लागलेलं नाही.”

“न्हाईच,” आक्का म्हणाल्या.

एकोणतीस जुलै. श्रावण. मला काहीतरी आठवायला लागलं होतं, पण आठवणीवर विसंबायला मी काही शिस्तीचं माणूस नाही. मी उठले आणि देवघराच्या कपाटातून चातुर्मासाची वही आणली. भाऊजींनी ती बघितली आणि त्यांचे कान लाल झाले. त्या क्षणी मला कळलं की त्यांनाही आठवायला लागलंय.

“वहिनी, ती वही माझ्याकडे द्या. मी बघतो.”

“द्या काय? वाचा वहिनी,” फोनमधून साहेब. “मोठ्यानं वाचा. लाइन खराब हाय.”

“मोठ्यानं नको,” भाऊजी.

अंबूबाईंनी गुडघ्यावरचा हात काढला. आक्कांनी कानावरचा पदर मागं सारला. मी वाचलं. जसं होतं तसं, कारण वहीत खोटं लिहायचं नाही तर वाचताना तरी का खोटं वाचायचं?

“मंगळवार. नागपंचमी. दूध दोन लिटर. आक्कांच्या डोळ्यांचे थेंब आणले. अंबूबाईंनी पुरणाची दिंडं दिली, नऊ. भाऊजींनी सकाळी गोडाचा त्याग घेतला होता. दुपारी दिंडं बघून तो बदलला आणि त्याऐवजी पडवळाचा त्याग केला. दिंडं चार खाल्ली. पडवळ ते एरवीही खात नाहीत.”



“चार?” अंबूबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. “चांगली झाली व्हती न्हवं? गूळ जरा जास्तीच घातला व्हता मी.”

भाऊजींनी आक्कांकडे बघितलं नाही. “ते ... त्याची अदलाबदल केली होती मी. मनात. नियम मोडला नव्हता, बदलला होता.”

“पडवळाच्या बदल्यात?” आक्कांनी विचारलं.

“हो.”

“जे तू जल्मात खाल्लं न्हाईस?”

“आता आक्का, त्याग तो त्याग.”

“व्हय रं,” आक्का म्हणाल्या. “उद्या मी हत्ती सोडते.”

फोनमधून हसण्याचा असा आवाज आला की लाइन खराब नसावी. मग साहेबच सावरले. “हसायचं मागनं. टाक रं, पडवळ टाक.”

भाऊजींनी टाकलं. तारीख टाकली. पेटी म्हणाली, नाही.

वही खोटी पडली असं क्षणभर वाटलं, आणि खोटी वही म्हणजे माझा चातुर्मास पाण्यात. मी विचारलं, “कसं लिहिलंत?”

“पी-ए-डी-डब्ल्यू.”

“आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कसं लिहिता? परवा लिहिलंत ना, ‘आज पडवळ असेल तर मी बाहेर जेवतो’?”

त्यांनी मोबाइल काढून बघितला. तिथं व्ही होता. त्यांनी डब्ल्यू खोडला, व्ही घातला, बोट जरा थांबवलं. अंबूबाईंनी काठी घट्ट धरली. आक्कांचे ओठ हलत होते. त्या रागावल्या होत्या, पण माळ चालू होती.

पेटी उघडली.

भाऊजी खुर्चीवर मागं टेकले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पाच मिनिटं तसेच. मी त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. या माणसाची मी एवढी वर्षं थट्टा करते, पण त्या पाच मिनिटांत मला त्यांच्या मानेवरचे पांढरे केस दिसले. बेचाळीस दवाखाने एकटा माणूस एका खोलीत बसून सांभाळतो आणि घरात सगळ्यांना वाटतं तो दार लावून झोपतो. मलाही वाटायचं. हे वहीत मी अजून लिहिलेलं नव्हतं.

चारपर्यंत एकेक दवाखाना सुरू झाला. पावणेपाचला अंबूबाईंच्या डॉक्टरांचा फोन आला, फोटो दिसले, सोमवार पक्का. अंबूबाई उठल्या, भाऊजींच्या डोक्यावरून हात फिरवला. “दिवाळीनंतर दिंडं करून आणते. मंगळवारीच आणते,” म्हणाल्या. त्यांनी हे मनापासून म्हटलं, म्हणून जास्त लागलं.

पृथ्वीराजसाहेबांनी फोन ठेवण्याआधी मला बोलावून घेतलं.

“वहिनी, लिहायचं न्हाई ही आर्डर माझीच व्हती. ती मी मागं घेत न्हाई. पण तुमची वही कपाटात कुलूप लावून ठेवत चला.”

“आणि किल्ली कुठं ठेवू?” मी विचारलं.

“ते मला इचारू नका,” ते म्हणाले. “आज न्हाई.”

आमच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवणं होतात. साडेपाचला आक्का स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, “सुरेखा, पडवळ हाय का घरात?” होतं. सकाळीच घेतलं होतं, मला आवडतं. शनिवार असल्यामुळं भाऊजींचा तेलाचा त्याग, म्हणून फोडणी नाही. नुसतं उकडलेलं पडवळ, मीठ आणि खोबरं. आक्कांनी ते स्वतः त्यांच्या ताटात वाढलं. डावभर वाढून पुन्हा अर्धा डाव.

“ही भाजी आहे का शिक्षा?” भाऊजींनी विचारलं.

“पेटी उघडली तिनं,” आक्का म्हणाल्या. “मान ठेव. आन् उद्या पायरीवर मी काय सांगू, ते मला आजच सांगून ठेव. इतकी वर्सं मी खोटं बोलत व्हते, तेबी देवाच्या दारात बसून.”

भाऊजींनी घास घेतला. चावला. बराच वेळ चावला. मग म्हणाले, “खरं तेच सांग. अकरा वर्षं आणि काही महिने. मधे एक दिवस सोडून.”

“एकच?” मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग देवघराच्या कपाटाकडे. कपाटात मागच्या नऊ चातुर्मासांच्या वह्या आहेत.

“वहिनी,” ते म्हणाले, “‘अखंड’ तेवढं खोडा बायोडाट्यातून. वह्या काढू नका.”

जेवण झाल्यावर मी बायोडाट्याची मूळ प्रत काढली आणि त्यांच्यासमोर तो शब्द खोडला. ओळ आता ‘निर्व्यसनी, धार्मिक. बारा वर्षे रसत्याग’ अशी झाली. ते शेजारी उभे होते. खोडल्यावर म्हणाले, “बरं दिसतंय.” खरं तर बरं दिसत नव्हतं, खाडाखोड दिसत होती. पण मी नवा कागद घेतला नाही आणि त्यांनीही मागितला नाही. मग ते पासवर्ड बदलायला नव्या खोलीत गेले.

चातुर्मास संपायला अजून दिवस होते, म्हणून मी वही उघडली. शनिवार. दूध दोन लिटर. डबे उन्हात. आक्कांनी हत्ती सोडला. अंबूबाईंचं सोमवारी आहे. भाऊजींनी तेल सोडलं, आणि पडवळ खाल्लं. दीड डाव. ताटात काही ठेवलं नाही.